गुरुवारचं दळण

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुण्याच्या ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती. सुरुवातीला प्रत्येकीने आपण आज कोणत्या रंगाच्या आहोत ते सांगायचं असतं. नागपूरची पोरगी म्हणाली, फिकट निळी. लातूरची म्हणाली, सूर्यफुली. मी म्हणाले, मातकट. मृण्मयी मॅडमनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. मॅडम आमच्या संचालक, वय पस्तीस, फार चांगल्या आहेत. हीच अडचण. चांगल्या माणसावर धड चिडताही येत नाही.

मग मुद्दा निघाला. ज्या बायकांवर अत्याचार झाला त्यांच्या सोबत आम्ही उभं राहतो. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात आणि मुख्य म्हणजे या तिन्हीकडच्या बाकड्यांवर. तर आता देणगीदारांना जिल्ह्यागणिक एक यशकथा हवी आहे. आठ मार्चच्या आत, पाचशे शब्द, 'मानवी तपशिलांसह'. मी विचारलं, केस कोर्टात असताना यश कुठून आणू? मॅडम म्हणाल्या, "पुष्पाताई, प्रवास हेच यश."

बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. नववीच्या पोराने हे वाक्य निबंधात लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ ओढली असती. इथे मान हलवली.

५ फेब्रुवारी, बुधवार

अंबाडी येऊन गेली. सासूसकट.

आमच्याकडे फाईलवर बाईचं नाव लिहीत नाहीत, म्हणून मी इथेही लिहीत नाही. धान्याभाज्यांची नावं देतो. तीळ, मटकी, करडई होऊन गेल्या. ही अंबाडी.

केस सांगायला साधी आहे. गाव मोताळ्याकडचं, गावात पिठाची गिरणी एक, ती निवृत्तीची. गेल्या वर्षी जूनमध्ये दळण आणायला गेलेल्या अंबाडीला त्याने आत कोंडून घेतलं. तिने घरी येऊन सासूला सांगितलं. सासूने तिला एसटीत बसवून थेट ठाण्यात नेलं, पुण्याकडे कंपनीत असलेल्या पोराला फोनही नंतर केला. निवृत्ती दोन महिने आत होता, आता जामिनावर बाहेर आहे. तिचं नाव फोडलंस तर जामीन जाईल, असं त्याच्या वकिलाने त्याला बजावलंय. म्हणून तो 'खोटी केस' एवढंच म्हणत फिरतो. परिणामी गावाला केस माहीत आहे, बाई माहीत नाही. लोक अंदाज करतात आणि थकतात. याचं श्रेय आमच्या गोपनीयता धोरणाला. अकरा पानी आहे, मराठी भाषांतर माझं.

एप्रिलमध्ये साक्ष लागेल. दुसरा साक्षीदार नाही, सगळं तिच्या एकटीच्या बोलण्यावर आहे. ती उभी राहिली तर निवृत्ती आत, नाही राहिली तर तो उद्या हार घालून गिरणी सुरू करेल.

आणि तिच्या नि माझ्या मध्ये बसली आहे विमलबाई, ही सासू. खुर्ची दिली तर खुर्चीवर बसत नाही. दारातल्या पायरीवर बसते, तोंड रस्त्याकडे, कान आत. हातात रिकामा दळणाचा डबा. पत्र्याचा, कडी तुटलेली, कडीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा पट्टा दोन गाठी मारून बांधलेला, हाताळून चकचकीत झालेला. हा डबा घेऊन बाई घाट चढून बुलढाण्यापर्यंत येते. कशाला, ते विचारायची सोय नाही.

मी सुनेला पुण्याचा फॉर्म वाचून दाखवला. "तुम्हाला किती सक्षम वाटतं? एक ते पाचमध्ये सांगा."

अंबाडीने विचार केला. "पास व्हाले किती लागतात?"

ताहेराने हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. ताहेरा आमची समुपदेशक, मलकापूरची. पाच वर्षांत मी तिला मोठ्याने हसताना पाहिलेलं नाही आणि चिडतानाही नाही. मला या दोन्हींचा राग येतो.

पायरीवरून विमलबाई म्हणाली, "हे लिवलेलं कोण वाचते?"

"कोणी नाही हो. कपाटात कुलपात असतं."

"मंग लिवता काऊन?"

दर वेळी हाच प्रश्न. दर वेळी मी धोरणातला परिच्छेद सांगते. दर वेळी ती रस्त्याकडे बघते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सरकारी वकील म्हणाले, बाईला एकदा आणा, जबाब वाचून दाखवू. मी फोन लावला. विमलबाई म्हणाली, "आज नाही जमत. गुरुवारी दळण असते."

मला धामणगाव बढ्याला दुसऱ्या कामाने जायचंच होतं. स्टँडवर उतरले तर समोर अंबाडीच्या गावच्या अकरमची ऑटो. ऑटोत विमलबाई, अंबाडी, शेजारची शालूबाई आणि पायाशी दाटीवाटीने डबे. मोजले, सात. सात घरांची दळणं घेऊन दर गुरुवारी सहा किलोमीटर, इथल्या गिरणीत. निवृत्तीच्या गिरणीत जाणार नाहीत हे समजलं, पण सगळ्या आळीने जुलूस काढायची काय गरज? अंबाडीचं एक घर गेलं तरी पुरे होतं. कोर्टाला वेळ नाही, पिठाला आहे.

मी हात केला. विमलबाईने माझ्याकडे बघितलं, माझ्यातून आरपार पलीकडच्या केळीवाल्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. अंबाडीने तर मान वर केली नाही. ओळखसुद्धा दाखवली नाही. आठ महिने यांच्यासाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवते आहे मी. साधं 'बरं हाय का ताई' नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

यशकथा लिहिली.

वाटलं होतं तासाभरात उरकेल, दिवस गेला. आणि लिहायलाच हवं, मजा आली. कधी काळी इथल्या एका साप्ताहिकात माझं सदर होतं, लोक शिव्या देत वाचायचे. तो हात अजून गेलेला नाही.

नियम पाळून केलं. गावाचं नाव काढलं. गिरणीचं किराणा दुकान केलं. नवरा पुण्याकडचा होता, त्याला सुरतेला पाठवला. जे झालं ते एका सभ्य वाक्यात आणि तेही आडून. दळणाच्या डब्याचा तेलाचा डबा केला. पहिल्यांदा ट्यूबही काढली होती. मग वाचलं तर गोष्ट मेलेली. कोणत्याही संस्थेच्या कोणत्याही पत्रकात सापडेल अशी बाई. ट्यूब परत घातली, दोन गाठींसकट, आणि बाई पायरीवर येऊन बसली. सायकलची ट्यूब काय, कुठेही असते.

शेवटही डब्यावरच आणला. ज्या हातांनी तो डबा उचलला त्या हातांनी आता ती न्याय उचलते आहे, वगैरे. जरा जास्तच झालं, पण पुण्याला आवडेल.

ताहेराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अच्छा लिहिलंय." मग थांबून, "विमलबाईला विचारलं का?"

"नाव नाही, गाव नाही, काय विचारायचं?"

ती कपाटाला कुलूप लावायला उठली. न बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. बुलढाण्यात हॉल भरलेला. स्टेजवर नऊ जण, त्यांतले सहा पुरुष. प्रत्येकाने आपली आई आठवली. दीड तास आया झाल्या. मग माझी कथा मी स्वतः वाचली. पुण्याने ती फेसबुकवर टाकली आहे, एका दैनिकाने जिल्हा पानावर छापली आहे, मथळा 'डबा उचलणारी'. वाचून संपलं तेव्हा हॉल दोन सेकंद गप्प होता. अशी शांतता शाळेत बावीस वर्षांत एकदाही मिळाली नाही.

शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्हावर माझं नाव चुकलं आहे, पुष्पलता लिहिलंय, चालायचंच.

खाली उतरले तर एक बाई हात धरून म्हणाली, "त्या डब्याची ट्यूब ऐकली अन् बाई डोळ्यासमोर उभी राह्यली. कोण्या गावची हो?"

"सगळ्याच गावांची," मी म्हणाले. उत्तर मलाच आवडलं.

ताहेराला रोजे सुरू आहेत, तरी दिवसभर खुर्च्या लावत होती. मी तिच्यासमोर दोनदा चहा प्यायले आणि दोन्ही वेळा नंतर आठवलं.

१४ मार्च, शुक्रवार

अंबाडीचा फोन लागत नाही. विमलबाईचा लागतो, उचलत नाहीत.

१७ मार्च, सोमवार

रामराव येऊन गेले. निवृत्तीचे चुलते, गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. पांढरी टोपी, गोड आवाज. आधीही दोनदा आले होते, 'गावात बसून मिटवू' म्हणायला. दोन्ही वेळा मी त्यांना दार दाखवलं होतं. आज वेगळेच.

"मॅडम, तुमी लई चांगलं लिवता. आमच्या घरी दोनदा वाचलं."

"बरं."

"आता पा, आमी एक शब्द बोललो नाही. कोर्टानं सांगलं, नाव घ्यायचं नाही, नाही घेतलं. आमच्या तोंडाले कुलूप." हसले. "आता मिटवाचं असलं तं सांगा. आता लपवाले बी काही राह्यलं नाही."

धमकी होती की कौतुक, मला नीट कळलं नाही. चहा न विचारता पाठवलं. पायरी उतरताना गुणगुणत होते.

२४ मार्च, सोमवार

वकील तारखेसाठी माझ्या मागे, मी विमलबाईच्या मागे. एकवीस वेळा फोन केला. हे सरळ दिसतं आहे, सासूने पोरीला घरात घातलं, रामरावांनी काहीतरी कबूल केलं असणार. पहिल्या दिवसापासून मला तिचा संशय होता. पायरीवरचा पहारा, सुनेला एकटं न सोडणं, कोण वाचते कोण वाचते. नाव फुटलंय हे रामरावांच्या बोलण्यावरून उघड आहे, तेही तिच्याकडूनच. दुसरी शक्यता ठाण्यातली हवालदारीण. तिसरी गावच्या दवाखान्याच्या आशाताई, त्यांच्या पोटात काही राहत नाही. मी कागदावर यादी केली, कोणाकडून फुटलं असेल त्याची. सात नावं झाली.

ताहेराने यादी वाचली. "ताई, गुस्सा नका करू. एक नाव राहिलं."

"कोणाचं?"

"ते ट्यूब."

मी विचारलं, अख्ख्या जिल्ह्यात सायकली आहेत, ट्यूबवरून कोणी ओळखतं का. ती म्हणाली, "जिल्ह्यात नाही ओळखत. गावात ओळखतात. आमच्या मोहल्ल्यात कोणाची बकरी खोकली तरी समजते." मी म्हणाले, तू फार विचार करतेस. ती नमाजाला गेली. मी यादीत आणखी एक नाव घातलं, पोस्टमन.

१ एप्रिल, मंगळवार

विमलबाई आली होती. एकटी. डबा नव्हता.

पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. ताहेराने ईदचा शीरखुर्मा आणला होता, तिच्यापुढे वाटी ठेवली. तिने वाटी बाजूला केली नाही आणि हातही लावला नाही. पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती.

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "छकुलीनं वाचून दाखवलं."

छकुली तिची नात, अंबाडीची मुलगी. पाचवीत आहे.

"शाळेत मास्तरीनबाईनं भीताडावर लावलं हे. धीराच्या बाया म्हणून. पोरीनं वाचलं अन् साऱ्या वर्गाले सांगलं, हा तं आमच्या आजीचा डबा हाय. लई आनंदानं सांगलं. पेपरात आला न आमचा डबा."

मी काहीतरी बोलायला गेले. कोणतं वाक्य होतं ते आता आठवत नाही, बहुतेक धोरणातलं असावं.

"सात घरची दळणं आमी गुरुवारी बाहेर काऊन नेतो, माहीत हाय तुमाले? एकटं माहं घर निवृत्तीकडं गेलं नसतं, तं दुसऱ्या दिवशी कळलं असतं. सात घरं जात नाहीत म्हणल्यावर यातली कोणती, ओळखा. नऊ महिने कोणाले उमगलं नाही. शालूबाईच्या नवऱ्यानं तिले मारलं, जवळची गिरणी सोडून कुठं बोंबलत जाते म्हणून. तरी ती गेली. इथं येतानी मी डबा घेऊन येओ, दळणाले चालली म्हणून. स्टँडवर तुमाले वळख देली नाही."

"मी..."

"निवृत्तीले धाक व्हता नाव घ्याचा. तुमाले कोणाचा धाक? त्याले जे करता नाही आलं ते तुमी केलं, ताई. अन् वरून शाल घेतली."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले नका मागू." मी विचारलं, अंबाडी कशी आहे. "निजून राहते. मोबाईल तिनंच बंद करून ठेवला. म्हणते, आता कायची साक्ष? गावानं ऐकून टाकली."

कात्रण टेबलावर ठेवून ती उठली. जाताना शीरखुर्म्याची वाटी उचलली, उभ्यानेच दोन घोट घेतले, ताहेराकडे बघून मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. आणि या वेळी मला त्याचं कारण माहीत होतं.

२ एप्रिल, बुधवार

पुण्याला फोन केला. कथा काढा. मृण्मयी मॅडम म्हणाल्या, "पण पुष्पाताई, आपली आजवरची सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट आहे." मी सांगितलं काय झालं ते.  त्या एकदम रडायला लागल्या. आता यांना मी समजावू? समजावलं. संध्याकाळपर्यंत कथा निघाली. तिथून निघाली, लोकांच्या मोबाइलमधून कशी निघणार?

शाळेत फोन करावा, भिंतीवर आणखी काही असेल तर काढा म्हणावं, असं डोक्यात आलं. नंबरही फिरवला. मग ठेवला. संस्थेचा फोन शाळेत जाणं म्हणजे पुन्हा बोट दाखवणं. अशी चूक आहे ही, दुरुस्त करायला जावं तर तीच परत होते.

राजीनामा लिहिला. भाषा चांगली जमली होती. ताहेराने वाचला आणि म्हणाली, "साक्ष झाली की द्या. आत्ता दिला तर काम मलाच करावं लागेल." घडी घालून आपल्याच पर्समध्ये ठेवला तिने.

शाल कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. नारळ मी दुसऱ्याच दिवशी फोडून खाल्ला होता.

१० एप्रिल, गुरुवार

साक्षीची तारीख पक्की झाली, चोवीस. समन्स ठाण्याकडून कालच गेलं, पण समन्स हातात घेणं वेगळं आणि कोर्टात तोंड उघडणं वेगळं. वकील म्हणाले, नाही बोलली तर मला उलट तिलाच फितूर म्हणून विचारावं लागेल. मी म्हणाले, हो. दुसरं काय म्हणणार?

धामणगावला गेले. सांगायला नव्हे, नुसती बघायला. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. रसवंतीच्या कनातीखाली बसून राहिले. दीड वाजता अकरमची ऑटो आली. त्याने एकेक डबा उतरवून गिरणीच्या ओट्यावर ठेवला.

सातही डब्यांना ट्यूब बांधलेली होती. दोन गाठींची.

मी पुन्हा मोजले. एका स्टीलच्या डब्याला तर आपली धडधाकट कडी काढून बांधलेली, कडीची भोकं दिसत होती. एकीने गाठी नीट मारल्या नव्हत्या, डबा तिरका लोंबत होता.

अकरम माझ्या शेजारी येऊन रस प्यायला बसला. मला तो नुसता प्रवासी म्हणून ओळखतो. आपणहून बोलायला लागला. "इन औरतां का दिमाग फिरला, ताई. सायकलच्या दुकानातल्या साऱ्या जुन्या ट्यूबा संपवल्या. म्हणलं काऊन? तं म्हणे फॅशन निघाली."

ऑटोतून शेवटी विमलबाई उतरली आणि तिच्या मागून अंबाडी. डोक्यावर पदर, हातात डबा. तिचा कोणता, ते मला सांगता आलं नसतं.

मी उठले नाही, हात केला नाही. रसाचे पैसे दिले आणि एसटीकडे निघाले. विमलबाई समोरून आली, मला ओलांडून गेली. जाताना गिरणीकडे बघत म्हणाली, जशी कोणाला दळणाचाच हिशोब सांगते आहे, "चोवीस तारखेले बी गुरुवारच येते."

एसटीत बसायला जागा नव्हती. घाटभर उभी होते. पाय दुखले नाहीत.

२४ एप्रिल, गुरुवार

साडेदहाला कोर्टाच्या फाटकाशी अकरमची ऑटो. आत सात बायका आणि सात डबे. गावाला सांगून निघाल्या होत्या की धामणगावची गिरणी बंद आहे, बुलढाण्याला जातो.

विमलबाईने उतरल्याबरोबर विचारलं, "वही?"

मी पर्स उघडून दाखवली. रुमाल, चष्मा, घरची किल्ली.

"बरं. मंग डबे तुमी राखा."

फाटकावरच्या शिपायाने अडवलं. "बाई, कोर्टात हे काय आणलं?"

"ज्वारी हाय," शालूबाई म्हणाली. "पा उघडून."

त्याने सातही उघडून पाहिले. पाचांत ज्वारी, एकात गहू, एकात डाळ. डाळीवाली कोण म्हणून बायकांत हशा पिकला. दळणाच्या नावाखाली एकीने घरचं काम साधून घेतलं होतं.

व्हरांड्यात बाकावर रामराव बसलेले, शेजारी निवृत्ती. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. मी दहा महिन्यांत त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. राक्षस दिसेल असं वाटत होतं. कोणाच्याही लग्नात वाढायला उभा असतो तसा होता. रामरावांनी सात ट्यूबा पाहिल्या, मग सात चेहरे पाहिले, मग टोपी काढून डोकं खाजवलं.

साडेबाराला आतून माणूस आला. नाव पुकारलं नाही, केसचा नंबर सांगितला आणि हाताने खूण केली. सात बायका एकमेकींना खेटून बसल्या होत्या. त्यातली एक उठली. सुनावणी बंद दाराआड, बाहेरच्यांनी बाहेर. ताहेरा सोबत गेली, तेवढी परवानगी होती. दार लागलं.

आणि मी, जिल्हा समन्वयक, सात डबे राखत बसले. माशा हाकलल्या. एक कुत्रं ज्वारीकडे आलं, त्याला उठवलं. आत काय चाललं असेल त्याची वाक्यं डोक्यात जुळायला लागली, चांगली जुळत होती, ती थांबवायला डबे मोजत राहिले. सात. सात. सात. विमलबाई माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती, तोंड दाराकडे. साडेतीन तासांत एकच वाक्य बोलली, "तिनं सकाळपासून काही खाल्लं नाही."

चारला दार उघडलं. अंबाडी बाहेर आली, ओठ पांढरे पडलेले. सासूजवळ येऊन उभी राहिली.

"झालं?"

"अर्धं. उद्या बलावलं. त्याईचा वकील लई इचारते."

"मंग?"

"मंग काय. उद्या बी येऊ."

शालूबाईने भाकरीचं फडकं सोडलं. अंबाडीने उभ्यानेच खायला सुरुवात केली. खाताना माझ्याकडे वळली. मी तयारीत होते, काय बोलेल ते ऐकायच्या.

"या शालूबाईनं सोताच्या डब्याची चांगली कडी तोडली," ती म्हणाली. "मंग मले घरात निजून राहाची लाज वाटली." घास गिळला. "ताहेराताई म्हणे, तुमी मले अंबाडी म्हणता."

"हो. फाईलवर."

"मले नाही आवडत अंबाडी. आंबट लागते."

"मग काय ठेवू?"

"काहीच नका ठेवू."

विमलबाई म्हणाली, "चाला, गिरणी बंद होईन." डबे उचलले. त्यांचं दळण खरंच राहिलं होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

झाली. पूर्ण झाली.

आज बायका दळण न घेता आल्या. गावाला काय सांगून आल्या, ते मी विचारलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

निकाल कधी, कोणाला माहीत? वकील म्हणतात, डगमगली नाही. रामराव गावात म्हणतात, अजून वरची कोर्टं आहेत. गावाला कळलं ते कळलं, ते परत घेता येणार नाही. छकुलीला आठवडाभर शाळेत पाठवलेलं नाही. हे माझ्या खात्यावर, आणि ते तसंच राहील. विमलबाईला मी विचारलं होतं, सात ट्यूबांनी आता काय फरक पडणार? ती म्हणाली, "कळलं त्याईले कळलं. पण बोट दाखवाले डबा नाही ठेवला."

राजीनामा ताहेराकडे मागितला. म्हणाली, ईदच्या साफसफाईत गेला. ईद तर राजीनामा लिहायच्या आधीच होऊन गेली होती.

मृण्मयी मॅडमचा निरोप आला, साक्षीबद्दल दोन ओळी हव्यात, तुम्हाला योग्य वाटेल तेवढंच. मी पाठवलं, 'साक्ष झाली.' त्यांनी उलट विचारलं नाही. माणूस खरंच चांगलं आहे.

सकाळपासून बसून ही वही दुसऱ्या वहीत उतरवून काढली. उतरवताना बदलत गेले. गाव ते गाव राहिलं नाही. गिरणी गिरणी नव्हती. वार गुरुवार नव्हता. विमलबाई, शालूबाई, छकुली या नावांची तिथे कोणी नाही, आणि जिला अंबाडी आवडत नाही तिला मी प्रत्यक्षात दुसरंच काही म्हणत होते, तेही तिला आवडलं नव्हतं. डब्याला जे बांधलेलं होतं ते आता कुठल्याच पानावर उरलेलं नाही. ट्यूब मी बांधली आहे. जुनी वही बंबात गेली, त्या पाण्याने आंघोळ केली.

ताहेराने नवी वही चाळून पाहिली. म्हणाली, "ट्यूब पण ठीक वाटते, ताई."

ठीक आहे. पण खरं जे होतं ते याहून फार सुंदर होतं.